वाट्याला आलेली बाजू

रविवारची जेवणं उरकली की डॉक्टरांच्या बैठकीच्या खोलीत चार माणसं जग चालवायला बसत. डॉक्टर दातांचे. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावल्यावर एक दिवस त्यांना मोकळेपणी तोंड उघडू द्यावं, एवढाच आपला हेतू, असं ते म्हणत. एकटेच राहत, त्यामुळे घर मोकळं होतं. वृद्धाश्रमात नर्स असलेली ताई यायची. फर्निचरच्या कंपनीत हिशेब बघणारा साडू यायचा. आणि ज्याचा तो साडू, तो पाणीवाला यायचा.

पाणीवाला हे नाव डॉक्टरांनी ठेवलेलं. शहराला पाणी पुरवणाऱ्या शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत तो कामाला होता. नदीचं पाणी किती गढूळ आहे ते बघायचं, काचेच्या भांड्यांत तुरटी ढवळून गाळ खाली बसतो का ते पाहायचं, टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्लोरीन नेमकं उरलंय ना याची खात्री करायची. आठवडाभर तो यंत्रांशिवाय कुणाशी फारसा बोलत नसे. "घरी आमटी खारट झाली तर तेही हे माझ्या बहिणीकरवी कळवतील," असं त्याची बायको म्हणायची. पण रविवारी तो उभा राहिला की बाकीचे कप खाली ठेवत.

या बैठकीला एक नियम होता. पहिल्या वर्षी कुठल्याशा दूरच्या युद्धावरून इतकी जुंपली होती की दोघा नेहमीच्या मंडळींनी एकमेकांच्या घरी जाणं सोडलं आणि पुढे बैठकीला येणंही. युद्ध दोन परक्या देशांचं, त्यात या दोघांचा चुलत चुलता देखील नव्हता. तेव्हापासून डॉक्टर पत्त्यांचा कॅट टेबलावर पसरत. प्रत्येकाने एक पत्ता उचलायचा. लाल आला तर ठरावाच्या बाजूने बोलायचं, काळा आला तर विरोधात. स्वतःचं मत चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचं. मग कुणाला कुणाचा राग येण्याचं कारण उरत नसे. निर्बंध, तेलाचे भाव, निवडणुका, इथल्या सरकारी दवाखान्यातल्या रांगा, म्हातारपणी मायदेशी परत जावं की नाही, असं सगळं त्या पत्त्यांवर चालून गेलं होतं.

एका रविवारी ठराव होता: मत नाही, तर कर नाही. परक्या माणसाला इथे मत देता येत नाही, पण कर मात्र पगारातून कापला जातो; तो त्याने का द्यावा?

पाणीवाल्याला लाल पत्ता आला. खरं तर कर भरण्यात तो सगळ्यांच्या पुढे. मुलगी सरकारी शाळेत शिकते, रस्त्याला खड्डा नाही, मग तक्रार कसली, असं त्याचं मत. पण मत बाहेर चपलांपाशी होतं. तो उठला आणि बोलला.

"आपण यांचे दात भरतो. यांचे हिशेब जुळवतो. यांच्या आईबापांना आंघोळी घालतो. यांच्या नळाला जे येतं ते माझ्या नजरेखालून जातं. आणि निवडणूक आली की आपण खिडकीतून मिरवणूक बघायची. बरं, उद्या सकाळी मी केंद्रातला एक व्हॉल्व्ह बंद केला तर? दुपारपर्यंत अख्खं शहर माझं मत विचारायला दारात उभं राहील."

साडू विरोधात होता, पण हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. ताईला त्या दिवशी सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी फोन टेबलावर ठेवून सगळं रेकॉर्ड केलं होतं. संध्याकाळी ते ताईला पाठवलं. ताईने उत्तरात हसणारे चेहरे पाठवले. विषय तिथे संपला.

पुढचे काही आठवडे सगळं सुरळीत होतं. मग एका सकाळी केंद्राच्या फाटकावर पाणीवाल्याचं कार्ड चाललं नाही. त्याने ते शर्टाला पुसून पुन्हा लावलं. मागे रांग झाली. पहारेकरी रोजचा, मुलीची चौकशी करणारा, तो म्हणाला, "बाजूला उभे राहा." थोड्या वेळाने प्रयोगशाळेचा प्रमुख खाली आला. त्याच्या हातात पिशवी होती. पिशवीत पाणीवाल्याचे प्रयोगशाळेत घालायचे बूट, चहाचा मग आणि पांढरा कोट होता, कोटाची नीट घडी घातलेली.

"काय झालं?" पाणीवाल्याने विचारलं.

"मला माहीत नाही," प्रमुख म्हणाला. "मला विचारूही नकोस." त्याने पिशवी जमिनीवर ठेवली, हातात दिली नाही.

दोन दिवसांनी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात बोलावणं आलं. खोली स्वच्छ होती. टेबल, दोन खुर्च्या, एक स्पीकर. खिडकी होती, पण तिला कडी नव्हती. अधिकारी बाई शांत, आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी पाणी हवं का विचारलं आणि एक बटण दाबलं.

खोलीत त्याचाच आवाज आला. व्हॉल्व्ह, शहर, दारात उभं राहील. मग टाळ्या, मग साडूचं हसू. ते संपलं, तसं स्पीकरमधून एक बाई मराठीत बोलू लागली. दुभाषी होती, दुसऱ्याच कुठल्या तरी खोलीत बसलेली. इतकी वर्षं या देशात तो राहिला, पण अनोळखी माणसाच्या तोंडून इतकी स्वच्छ मराठी त्याने ऐकली नव्हती. त्याच्या बोलण्याचं तिने अधिकारी बाईंसाठी केलेलं भाषांतर त्याने कान देऊन तपासलं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. चूक असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"आवाज आपलाच ना?" दुभाषीने अधिकारी बाईंच्या वतीने विचारलं.

"हो. पण तो खेळ होता. पत्ता काढून बाजू ठरते. माझं मत तसं नाही."

"तुम्ही जिथे काम करता तिथे असा व्हॉल्व्ह आहे?"

"आहे. पण मी प्रयोगशाळेत असतो. त्याला मी हातही लावू शकत नाही."

"तो कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे," तो म्हणाला. अधिकारी बाईंनी ते लिहून घेतलं.

शेवटी त्यांनी सांगितलं ते सरळ होतं. त्याचा राहण्याचा परवाना नूतनीकरणाला आला आहे. तो खेळ होता हे त्या दिवशी खोलीत प्रत्यक्ष हजर असलेल्या दोघांनी येत्या मंगळवारी त्याच्याबरोबर इथे येऊन सांगावं आणि सही करावी. एका घरात राहणाऱ्यांची साक्ष चालणार नाही. कुणी आलं नाही तर प्रकरण आहे तसं वर जाईल. वर गेल्यावर काय होतं, असं त्याने विचारलं. "कुटुंब एकत्र ठेवण्याचा प्रयत्न केला जातो," दुभाषी म्हणाली.

बसमध्ये बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, की ते दोघे कोण, त्यांची नावं काय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "मग यात अडचण काय? दोघंच तर होते त्या दिवशी. डॉक्टर आणि आपले भाऊजी. माझ्या बहिणीचा नवरा आहे तो. तुमच्या जिवावर रविवारी खदाखदा हसतो, एक सही नाही करणार?"

"करेल," पाणीवाला म्हणाला.

"मुलीला काही सांगू नका. तिची परीक्षा आहे."

रविवारी बायकोही त्याच्याबरोबर निघाली. डॉक्टरांच्या घरी भरदुपारी पडदे ओढलेले होते. टीव्हीवर कसलासा पाककृतींचा कार्यक्रम मोठ्याने चालू होता. दारातच डॉक्टरांनी सगळ्यांचे मोबाइल मागून घेतले, स्वयंपाकघरात नेऊन तांदळाच्या डब्यात ठेवले आणि झाकण लावलं.

"भिजले की तांदळात ठेवतात," साडू म्हणाला. "आपले आधीच ठेवलेले बरे." कुणी हसलं नाही.

ताईने आल्या आल्या सांगून टाकलं. "मी वृद्धाश्रमात चादरींच्या घड्या घालत ऐकलं ते रेकॉर्डिंग. मोठ्या आवाजात. आपली भाषा कोणाला कळतेय, म्हटलं. दादा, माझ्यामुळे झालं असेल रे हे."

"किंवा नसेलही," डॉक्टर म्हणाले. "आता खोदून काय मिळणार?"

"खोदायचं नाहीये मला," बायको म्हणाली. "मंगळवारी तुम्ही दोघं येताय ना, एवढंच विचारायला आलेय."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. साडू टीव्हीकडे पाहू लागला. तिथे कुणीतरी कांदा चिरत होतं.

"यायचं तर आहेच," डॉक्टर शेवटी म्हणाले. "पण भावनेच्या भरात नको. घाईत बोललेलं कसं अंगावर येतं ते बघतोच आहोत. आपली एक पद्धत आहे. दोन्ही बाजू नीट मांडू, मग ठरवू. खेळ म्हणून नाही. विचार पक्का व्हावा म्हणून."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली. डॉक्टरांनी पत्ते पसरले. ठराव: डॉक्टर आणि साडू यांनी मंगळवारी साक्षीला जावं.

साडूला लाल आला, ताईला लाल. डॉक्टरांना काळा. पाणीवाल्याने पत्ता उलटला, तोही काळा.

"पुन्हा काढ," ताई लगेच म्हणाली. "हे काहीतरीच."

"मी माझी पाळी याला देतो," डॉक्टर म्हणाले. "विरोधात बोलायचं माझ्याच्याने व्हायचं नाही."

"असू दे, ताई," पाणीवाला म्हणाला.

त्याच्या मनात एक हिशेब झाला होता. हे दोघं जे पोटात ठेवून बसले आहेत, ते मी उघड बोलून दाखवलं तर त्यांनाच त्याची लाज वाटेल. स्वतःच्या तोंडून हे बोलायची त्यांना भीती आहे; माझ्या तोंडून ऐकलं की ते किती हलकं आहे ते कळेल. मग उठून म्हणतील, पुरे, आम्ही येतो.

आधी ताई बोलली. एकच वाक्य. "मी खोलीत असते तर गेले असते, आणि तुम्ही तर होतात." मग साडू उभा राहिला. दोस्ती, नातं, माणुसकी असे शब्द त्याने एकामागून एक काढून टेबलावर ठेवले आणि खाली बसला. इतकं पडेल भाषण त्याने कधी केलं नव्हतं.

पाणीवाला उठला.

"दोघांनी जावं, म्हणजे एकाचं ओझं तिघांत वाटायचं," तो म्हणाला. "ओझं वाटलं की हलकं होतं, ते सामानाच्या बाबतीत. संशय वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला तो सबंधच्या सबंध येतो."

डॉक्टरांनी मान वर केली.

"डॉक्टर, तुम्ही जाऊन सांगणार की तो खेळ होता. ते विचारतील, खेळ काढला कुणी? तुम्ही. घर कुणाचं? तुमचं. रेकॉर्ड कुणी केलं? तुम्हीच. त्या दारातून तुम्ही आत शिराल साक्षीदार म्हणून. बाहेर येताना कोण असाल?"

त्याने वाक्य तिथेच ठेवलं. कुठे थांबायचं हे त्याला नेहमीच कळे. तो साडूकडे वळला.

"तुझा नागरिकत्वाचा अर्ज वर गेलाय. ज्याच्या टेबलावर तो आहे त्याला तुझं नाव माहीत आहे, फोटो माहीत आहे. तुझा आवाज माहीत नाही. त्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात मोठं हसू कुणाचं आहे? आज ते कुणा तरी अनोळखी माणसाचं आहे. मंगळवारी तू त्या खुर्चीत बसून बोलू लागलास की ते तुझं होईल. तुला दोन मुलं आहेत. मला एकच."

आता कुणीतरी मध्ये तोंड घालेल म्हणून तो थांबला. कुणी घातलं नाही. त्याला पुढचा मुद्दा सुचला, मग त्याच्या पुढचा. ते आपणहून रांगेत येत होते, आणि त्याला ते थांबवता येईनात. त्या अधिकारी बाईंनी नावं विचारली नाहीत, याचा अर्थ त्यांना ती हवी नाहीत असा नाही. माणसं आपल्या पायांनी येतात का, हे त्यांना बघायचं आहे. दोन सह्यांनी एक माणूस सुटेल याची खात्री नाही. तिघं अडकतील याची आहे. वगैरे. आवाज स्वच्छ लागला होता. गाळ खाली बसल्यावर वरचं पाणी नितळ दिसतं, तसं सगळं त्याला नितळ दिसत होतं. बोलणं संपवून तो खाली बसला तेव्हा डॉक्टरांचा हात टाळीसाठी अर्धवट उचलला गेला होता. तो त्यांनी मांडीवर ठेवला.

"पटण्यासारखं आहे," डॉक्टर हळूच म्हणाले.

"मी माझ्या वाट्याला आलेली बाजू मांडली," पाणीवाला म्हणाला.

"हो, हो. ते आहेच. पण मुद्दे खोटे आहेत का, सांग. एक तरी."

तो आठवू लागला. ताई मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. साडूच्या चेहऱ्यावर आठवडाभरात पहिल्यांदाच रंग आला होता.

"तूच इतका विचार केलायस म्हटल्यावर," साडू म्हणाला, "आमच्या डोक्यात नव्हतं रे हे. आम्ही येणारच होतो. पण तूच म्हणतोस ते काही उगाच नाही."

बायको दाराशी उभी होती. ती रडली नाही, भांडली नाही. "छान बोललात," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन डब्यातून आपला मोबाइल काढून घेतला. त्याचा डब्यातच राहू दिला.

डॉक्टरांनी चहा टाकला. चहा पिताना सगळे अचानक फार मायेने बोलू लागले. मंगळवारी पांढरा शर्ट घाल. त्यांनी विचारलं तेवढंच सांग. पाणी दिलं तर पी, नाही म्हणू नको, बरं दिसत नाही. ताईने मुलीला हवं तर आपल्याकडे झोपायला पाठवा म्हटलं. कुठवर, ते म्हटलं नाही.

"बसने नको जाऊस त्या दिवशी," साडू म्हणाला. "मी सोडतो तुला गाडीने. अगदी दारात नाही, पण मागच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे कॅमेरा नाहीये."

"तुला कसं माहीत?" पाणीवाल्याने विचारलं.

"बघून आलो काल," साडू म्हणाला, आणि त्याच्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं.

पाणीवाल्याने ते चहात बुडवलं, आणि किती वाजता निघायचं ते विचारलं.