सिद्ध आकडा

पालिकेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर शहराचा नकाशा उजळला होता आणि सल्लागार एकेका गल्लीवर बोट ठेवत होते. कारकून त्यांना पाठीमागे आकडेमहाराज म्हणत.

"एकही दार न ठोठावता माझं यंत्र घराघरातलं सांगतं! ही कारखान्यामागची गल्ली. म्हातारी माणसं किती? एकशे बावीस. जनगणना काढून बघा!"

कुणीतरी बघितलं. बरोब्बर एकशे बावीस. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आणि दमेकरी? एक्केचाळीस. कालही एक्केचाळीस, आजही एक्केचाळीस. यंत्राचा शब्द फिरत नाही!"

मागच्या रांगेत बसलेल्या सांख्यिकी कक्षातल्या कारकून मुलीनं तो आकडा वहीत उतरवला. दमेकरी साठपेक्षा कमी निघाले तर गल्लीतला दवाखाना बंद, असं ठरलं होतं. तिथली नर्स म्हणजे तिची थोरली बहीण, शेजारीच बसलेली.

"धाप लागलेली माणसं दोन बस बदलून इस्पितळात जाणार?" बहीण पुटपुटली. "वाटेतच जातील गं."

दवाखाना बंद करायच्या ठरावावर सही करायला सभेच्या अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"एक मिनिट." मुलगी उभी राहिली. "एकशे बावीस हा आकडा आम्हीच यांना दिला होता. दिलेलंच परत सांगितलं, त्यात नवल कसलं? दमेकरी कुठून आले ते सांगा."

"शहरातल्या दोन हजार माणसांची पाहणी आहे. जनगणनेशी जुळतील अशी त्यातली माणसं निवडून यंत्र कागदावर गल्लीत बसवतं. तुला नाही कळायचं, बाळ."

"त्या दोन हजारांत या गल्लीतले किती?"

"तीन," महाराज हळूच म्हणाले.

"गल्लीची यादी दाखवा."

पडद्यावर यादी सरकू लागली. क्रमांक तीनशे आठ, दमेकरी आजोबा. चार ओळी खाली पुन्हा तेच. मग पुन्हा.

"अगं बाई," बहीण मोठ्यानं म्हणाली, "हे आजोबा राहतात तरी किती घरांत?"

हशा पिकला. मुलगी हसली नाही. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत 'सात' लिहिलं होतं.

"हा सात कशाला?"

"तो सिद्ध आकडा. त्याला हात लावायचा नसतो."

"कुणाला निवडायचं त्याचे फासे यंत्र त्या आकड्यावरून टाकतं. सात तसाच ठेवला की दर वेळी तेच दान, म्हणून शब्द फिरत नाही. आठ घाला."

"हा यंत्राचा अपमान..."

"घाला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

आठ घातल्यावर त्र्याहत्तर दमेकरी निघाले. नऊला अठ्ठावन्न. दहाला शहाण्णव. महाराजांनी घाम पुसला. त्यांना सातच का सिद्ध वाटला, हे आता कुणी विचारलं नाही.

"यंत्र वाईट नाही," मुलगी म्हणाली. "पण ते शेकडो वेळा चालवायचं आणि 'चाळीस ते शंभरच्या दरम्यान' असं सरळ सांगायचं. साठची अट त्याच्या आतच येते, मग यावरून दवाखान्याचं कसं ठरवणार? शिवाय मुळातली पाहणी तोकडी, म्हणजे चूक याहूनही मोठी असेल."

"मग खरा आकडा किती?"

"मला माहीत नाही, बाई. मोजावं लागेल."

अध्यक्षबाईंनी टोपण लावलं. "पंधरा दिवस देते. दारं ठोठावा."

नेमका आकडा ऐकून हात जोडण्याआधी एवढंच विचारावं, हा किती चुकू शकतो? उत्तर नसेल, तर तो आकडा नव्हे, नुसता मंत्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी बहिणी गल्लीतल्या पहिल्या दाराशी उभ्या राहिल्या. दार उघडलं. "या" एवढं म्हणायला आतल्या आजोबांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

"लिही," बहीण म्हणाली. "एक."