समुद्राच्या सात पायऱ्या

कांदा कापायला बसलं की बायांच्या हातापरास तोंडं जास्त चालत्यात. त्या दिवशी बी तसंच चाललं व्हतं. फाल्गुन सरत आलेला, ऊन टाळूवर बसलेलं, आन आमी सहा जणी ढिगाभवती बसून विळ्यानं पाती उडवत व्हतो. वावरातली माती निस्ती भुरभुरीत झालेली, वाऱ्याची झुळूक आली की नाकातोंडात जायाची. माझ्या म्होरं माझी थोरली जाऊ ठकूबाई बसली व्हती, आन तिच्या तोंडात मुंबई व्हती.

"समुद्र म्हंजी दिसतो कसा गं, ठकूबाय?" शेजारच्या भागूबाईनं इचारलं.

ठकूबाईनं विळा खाली ठेवला. काम थांबवून बोलायची तिला खोडच हाय. "दगडी घाट हाय त्याला. सात पायऱ्या. तिनीसांजंला पाणी एकेक पायरी चढत वर येतं, सातव्या पायरीला शिवतं, आन गुमान माघारी जातं. बाया तितं हळदकुकू वाहत्यात."

"सातच?"

"मोजल्यात मी."

माझा विळा पातीच्या जागी कांद्यातच शिरला, आन चांगला पावशेराचा कांदा वाया गेला.

तुमाला खरं सांगते, मी जळत व्हते. आता वय झालं, लपवून काय करायचंय. थोरला दीर हौशीराम मुंबईत जेवणाचे डबे पोचवायच्या धंद्यात. दर साली माघात ठकूबाई आठ दिस तिकडं जायाची आन ते आठ दिस वरीसभर पुरवून पुरवून सांगायची. आमची खोली लई मोठी, वर गच्ची, गच्चीवर वारा असा की पदर ठरत न्हाई. येताना नव्या बांगड्या आणायची, एखादं पातळ आणायची, आन सुकी मासळी. त्यातली चार मला बी पानात बांधून द्यायची. वर म्हणायची, "समुद्राची हाय, जपून खा."

मी कालवण करायची, पण घास उतरायचा न्हाई. माझा नवरा सावळेराम मातूर ताट चाटून पुसून खायाचा. एकदा म्हणला, "ही तर डिंभ्याच्या धरणातल्यावाणी लागतीया."

मी म्हणले, "तुमी धरणाच्या पल्याड काय बघितलंय?"

मी तरी कुठं बघितलं व्हतं. लगीन होऊन मला तेवीस वर्सं झाली व्हती आन तवर माझी मुंबई म्हंजी आळेफाटा. तिथं उसाचा रस प्यायचा, पोरांना खारी घ्यायची, आन दिवेलागणीच्या आत घरी यायचं.

कांदा कापला त्याच सांजंला मी चुलीपुढं बसून सावळेरामाला सांगितलं, "मला मुंबई दावा. ह्या चैतातच."

"चैतात गावची यात्रा आसती. खुळी का काय तू?"

"म्हून तर चैतात." मी भाकर परातीत थापता थापता दिवसभर मनात घोळवलेलं समदं सांगितलं. यात्रेला झाडून सगळे डबेवाले गावाला येत्यात. सहा दिस त्यांची खोली रिकामी. भाडं न्हाई, कुणाच्या दारात पावणं म्हून जायचं न्हाई. भाकऱ्या, लसणाची चटणी आन कांदं मी बांधून घेते. चार कोंबड्या इकल्या की येष्टीचं जाण्यायेण्याचं भागतं.

त्यो डोकं खाजवत बसला. "आन माझी बारी?"

बारी म्हंजी यात्रेच्या शर्यतीत बैलगाडा पळवायचा नंबर; ज्या चढावर पळवत्यात त्याला आमी घाट म्हणतो. सावळेरामाचा एक बैल, पाखऱ्या, भावकीच्या गाड्याला पुढं जुपत्यात. त्यो बैल त्याच्या काळजाचा तुकडा. मला कधी म्हणला न्हाई इतक्या मायेनं त्यो पाखऱ्याला 'बाळा' म्हणतो.

"बारी आयतवारी हाय," मी म्हणले. "बुधवारी जाऊ, शनवारी माघारी येऊ."

"पाखऱ्या माझ्या हातानं चार दिस आंबोण खाल्ल्याबिगर पळायचा न्हाई."

"मंग त्याच्यासंगंच संसार करा. मी चालले माह्यारी."

मला माह्यारी कोण उरलं नव्हतं, ते त्याला बी ठावं व्हतं. पण तेवीस वर्सांत मी काय मागितलं न्हाई हे बी ठावं व्हतं. त्यानं पाखऱ्याच्या गोठ्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं. "बरं," म्हणला.

मंगळवारी हौशीराम गावाला आला. मी डोईवर पदर नीट घेतला आन ओट्याच्या कडंला उभी राहून म्हणले, "दादा, खोलीची किल्ली मिळंल का? आमी दोघं जरा मुंबई बघून येतो."

"जावा की," त्यो म्हणला. "रिकामीच पडलीया. पत्ता लिहून देतो."

आतून ठकूबाई बाहीर आली. पुरणाचा हात तसाच. "आता कशाला? उन्हाळ्यात पाण्याची बोंब आसती तितं."

"आमी तांब्याभर पाण्यात भागवू," मी म्हणले.

"ढेकणं हायत लई."

"आमची ढेकणं काय परदेशी हायत?"

"आगं पण यात्रा सोडून? देव काय म्हणंल, कुशे?"

तिचा चेहरा पार उतरला व्हता. मला वाटलं, बघा कशी मरायला लागली. तिची मुंबई मी उष्टी करीन म्हून पोटात दुखतंय. आसं वाटून मला इतकं बरं वाटलं की त्या रातीला मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

बुधवारी पहाटं निघालो. माळशेजच्या घाटात मला दोनदा वकारी झाली. कल्याणाला उतरून दुसरी गाडी केली, कागद दावत, इचारत इचारत चार वाजता खोलीला पोचलो. सावळेरामानं कुलूप काढलं आन आमी दोघं उंबऱ्यातच उभं राहिलो.

खोली म्हंजी आमच्या गोठ्याच्या अर्धी. भितीला अकरा खिळं, खिळ्यांना टोप्या आन लेंगं. खाली अकरा वळकट्या एकावर एक. एक मोरी, एक स्टो. खिडकी न्हाई. गच्ची कुठं म्हून मी वर बघितलं तर पत्रा.

शेजारच्या दारातून एक बाई डोकावली. फरहा तिचं नाव. आमी गावाकडचं म्हणल्यावर तिनं हंडाभर पाणी आणून दिलं. मी सहज म्हणले, "आमच्या जाऊबाई दर साली येत्यात की इथं. ठकूबाई. वळखत असाल तुमी."

"कौन?" ती म्हणली. "अरे मावशी, बीस साल से हूं मैं इधर. ये मर्दों की खोली है. ग्यारह आदमी सोते. औरत किधर सोएगी?"

मी वळकटीवर बसले. सावळेराम म्हणला, "काय झालं गं?" मला आधी सुकी मासळी आठवली. मंग आठवलं की ठकूबाईची बहीण डिंभ्याला दिलीया, धरणाच्या काठाला. माघात आठ दिस ही बया बहिणीकडं मासं वाळत घालत बसायची आन गावाला मुंबई सांगायची. बांगड्या, पातळ हौशीराम आणत असंल, ती जपून ठेवून माघात काढत असंल.

तुमाला वाटंल मला दया आली. न्हाई आली. मला इतका आनंद झाला की मी पदर तोंडात कोंबून हसले. यात्रेच्या दिवशी घाटावर सगळ्या बाया बसत्यात, तितं हिचं पितळ उघडं पाडायचं मी ठरवलं. फकस्त एक राहिलं व्हतं. समुद्र. मी बघितला आन तिनं न्हाई, हे सांगायला आधी मला त्यो बघाय पायजे व्हता.

आता आमची अक्कल बघा. फुकट खोली मिळती म्हून यात्रेचा आठवडा धरला, पण त्याच आठवड्यात वळखीचं एकूण एक माणूस मुंबईतून गावाला गेलेलं. वाट दावायला आपलं असं कुत्रं न्हाई. अख्खी मुंबई आमच्या गावात, आन आमी दोघं मुंबईत.

बेस्तरवारी सकाळी फरहानं बशीचा नंबर सांगितला, नाका दावला. "आखिरी स्टाप समंदर," म्हणली. आमी नाक्यावर उभं राहिलो. तोच नंबर आला, चढलो, दोघांना बसाय जागा बी मिळाली. आसं वाटलं देवच पावला. बस चालली ती चाललीच. घरं बारीक व्हत गेली, मंग डोंगर दिसाया लागला, आन शेवटाला बस एका पटांगणात जाऊन थांबली. समदी उतरली. मी भवताली बघितलं. घाट न्हाई, पाणी न्हाई, तेलाचं डबं आन फाटकी टायरं.

सावळेरामानं कंडक्टरला इचारलं, "समुद्र कुठंशिक आला, भाऊ?"

"समुद्र त्या टोकाला, काका. तुम्ही उलट्या गाडीत बसलात. रस्ता ओलांडून पलीकडे उभं राहायचं असतं."

आता हे आमाला काय ठावं. आमच्या गावात येष्टी चिचंखाली येती. जुन्नरला जायची आसो का फाट्याला, चिच एकच. तितंच चढायचं, तितंच उतरायचं. रस्त्याला दोन बाजू आसत्यात आन दोन बाजूंना दोन मुलखं आसत्यात, हे कुणी सांगितलं व्हतं?

माघारी येताना पुन्यांदा चुकलो. तिसऱ्या बशीतनं उतरलो तवा सावळेरामाच्या चपलीचा अंगठा तुटला व्हता आन माझ्या डोळ्यांपुढं अंधारी येत व्हती. मंग रिक्षा केली. खोलीत आल्यावर मी कमरंची पिशवी चाचपली तर येष्टीच्या भाड्यापुरतं राहिलं व्हतं, आन वर दोन कप च्यापुरतं.

"उद्याला चालत जाऊ समुद्राला," मी म्हणले.

त्यो तुटलेली चप्पल हातात घिऊन बसला व्हता. "कुशे, पाखऱ्यानं आंबोण खाल्लं आसंल का गं?" म्हणला. मला कळलं, आता ह्यो माणूस पाऊलभर बी चालायचा न्हाई. शुक्करवारी आमी गावात व्हतो.

आयतवारी यात्रेत घाटाच्या कडंला सगळ्या बाया बसल्या. खाली गुलाल, धुरळा, लाउडस्पीकरवाला एकेक नाव पुकारतोय. मी नवं पातळ नेसून मधी बसले. ठकूबाई पोळ्यांचं ताट घिऊन आली आन मला बघून थबकली. चार दिसांत तिच्या डोळ्यांखाली काळं आलं व्हतं.

भागूबाई म्हणली, "काय कुशाबाय, बघितला का समुद्र?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. ठकूबाईच्या हातातलं ताट कलतं झालं, वरची पोळी घसरून धुरळ्यात पडली. तिनं ती उचलली बी न्हाई. शब्द माझ्या जिभंवर तयार व्हते. अकरा खिळं, अकरा वळकट्या, डिंभ्याची मासळी. सांगायचाच अवकाश व्हता. पण मंग बाया म्हणल्या असत्या, बरं, तिनं न्हाई बघितला, तू काय बघितलंस? मी काय सांगू, फाटकी टायरं?

"बघितला की," मी म्हणले. "दगडी घाट हाय त्याला. सात पायऱ्या."

"बघा, ठकूबाय सांगती तसंच," भागूबाई म्हणली.

"तसंच. पाणी सातव्या पायरीला शिवतं आन माघारी जातं."

ठकूबाई माझ्याकडं टक लावून बघत राहिली. सात पायऱ्या तिनं कुठनं आणल्या ते तिला चांगलं ठावं व्हतं. ज्यानं खरा समुद्र बघितला त्याला त्या दिसणार न्हाईत, हे बी तिला कळलं आसणार. हळूच तिचा चेहरा निवळला. ती माझ्या मांडीला मांडी लावून बसली, ताटातली एक पोळी माझ्या हातावर ठेवली.

खाली पाखऱ्याची बारी सुटली. सावळेराम कुठंतरी टोपी उडवत वरडत व्हता. ठकूबाई बायांकडं वळून म्हणली, "कुशीला सातच दिसल्या, कारण ती अवसंला गेली नव्हती. अवसंला पाणी लई मागं जातं, तवा खालची आठवी पायरी दिसती. तिच्यावर देवीची पावलं हायत."

"आगं बाई, पावलं," भागूबाईनं हात जोडलं.

मी पोळी चावत बसले. गोड व्हती. पण आठवी पायरी मला का सुचली न्हाई, म्हून त्या राती मला झोप लागली न्हाई.