तीन नंबरची मोरी

रस्ता आमच्या पंचायतीचा झाला तेव्हा मी खूश होते, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जो शहाणपणा केला, तो त्या खुशीतच केला.

त्याआधी हा चौदा किलोमीटरचा रस्ता राज्याच्या बांधकाम खात्याचा होता. खड्डा पडला की आम्ही अर्ज करायचो, अर्ज जिल्ह्याला जायचा, तिथून आणखी वर जायचा आणि तोवर खड्ड्यात बेडकं संसार थाटायची. मग नवा नियम आला, की गावाकडचे रस्ते गावांनीच सांभाळायचे. सोमवारी खात्याचे इंजिनिअर साहेब तीन पानी यादी घेऊन आले. रस्ता एक, किलोमीटरचे दगड चौदा, मोऱ्या सहा. मोरी म्हणजे ओढ्यावरचा लहानसा पूल. प्रत्येक मोरीपुढे ‘स्थिती समाधानकारक’ असं टाईप केलेलं होतं. साहेबांना परतायची घाई, अध्यक्षांना भाषणाची. पंचायतीत बांधकामाचं टेबल माझं, म्हणून ताबा घेतल्याची सहीही माझी. खात्याचा म्हातारा मुकादम, ज्याने तीस वर्षं या रस्त्याचे खड्डे बुजवले आणि रस्ता झाडला, तो टोपी हातात घेऊन दाराबाहेर उभा होता. त्याला कुणी आत बोलावलं नाही. मीही नाही.

मंगळवारी मी दोन मजूर घेऊन रस्ता साफ करायला निघाले. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणं म्हणतात ते मी त्या दिवशी करून दाखवलं. बाजूचं गवत काढलं, कठड्यांना चुना फासला. तीन नंबरच्या मोरीवर पोचलो तर एका बाजूला अकरा पांढरे दगड ओळीने मांडून ठेवलेले. गाड्यांना निम्माच रस्ता मोकळा. मला संतापच आला. सरकारी माणसं काम अर्धवट टाकून गेली आणि राडारोडा आमच्या माथी, असंच वाटलं.

“उचला हे,” मी म्हणाले. “रस्त्यात दगड! लोक काय म्हणतील?”

मजुरांनी दगड ओढ्यात ढकलून दिले. स्वच्छ मोरीचा फोटो मी अध्यक्षांना पाठवला आणि त्यांनी तीन अंगठे पाठवले. मग मी खड्ड्यांसाठी खडी मागवली. गुरुवारी पहिला ट्रक येणार होता आणि तो चालवणार होते माझे भावोजी.

भावोजींबद्दल सांगायला हवं. ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते, तेव्हापासून हा माणूस मला छळतोय आणि मी त्याला. नियमाचा इतका पक्का की रिकाम्या चौकातसुद्धा सिग्नलला थांबतो. डावी बाजू सोडणार नाही, गाडी चालवताना फोन उचलणार नाही. “तुझे भावोजी वरती जातील ना, तेव्हाही रांगेतूनच जातील,” असं ताई म्हणते.

गुरुवारी सकाळी सव्वादहाला मुकादम कचेरीत आला. अवजारांच्या खोलीची किल्ली द्यायची राहिली होती. किल्ली टेबलावर ठेवून तो जायला वळला आणि दारातून म्हणाला, “बाई, तीन नंबरवरचे दगड कुणी हलवले?”

“मीच. का?”

तो परत आत आला. मग हळूच खुर्ची ओढून, न विचारता, बसला.

“त्या बाजूला खाली काही नाही हो,” तो म्हणाला. “भिंत ढासळलीय. माती पाण्याबरोबर कधीच गेली. वर नुसतं डांबराचं कातडं राहिलंय. भरलेले ट्रक खाणीकडून गावाकडे येतात, जाताना रिकामे असतात, म्हणून तीच बाजू खचली. मी तीनदा लिहून दिलं. उत्तर नाही. मग दगड मांडले, म्हणजे गाड्या आपसूक दुसऱ्या अंगाने जातात.”

“मग यादीत का नाही?”

“यादी साहेबांनी केली. मी काय, मुकादम.”

खाणीकडून गावाकडे. म्हणजे येणाऱ्याची डावी बाजू. मी घड्याळाकडे पाहिलं. भावोजी दहाला भरून निघणार होते.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. सात वेळा लावला. ज्या सवयीचं आम्ही वर्षानुवर्षं कौतुक केलं, तिला मी त्या मिनिटाला शिव्या दिल्या. ताईला लावला तर ती हसून म्हणाली, “अगं, ते गाडीवर असताना देव आला तरी उचलायचे नाहीत. काही निरोप आहे का?” मी नाही म्हणाले. काय सांगणार होते? तुझ्या नवऱ्याच्या वाटेतले दगड मी उचललेत, असं?

मुकादमाला मागे बसवून मी स्कूटर काढली. तो रस्ता मला रोजचा, पण त्या दिवशी संपता संपेना. मी सारखी स्वतःशी हिशेब करत होते, की भावोजी हळू चालवतात, चाळीसच्या वर काटा जात नाही, वाटेत चहाला थांबले असतील. आणि लगेच आठवायचं, की ते कामाच्या वेळी चहाला थांबत नाहीत. मागून मुकादम “सावकाश, सावकाश” करत होता.

मोरीच्या अलीकडे स्कूटर टाकली तेव्हा समोरच्या उतारावर ट्रक दिसत होता. भरलेला, सावकाश, अगदी डाव्या कडेने.

मी हात हलवत मोरीच्या चांगल्या बाजूने पळाले. मुकादम मागून ओरडला, “तिथे नका उभ्या राहू! तुम्ही तिथे राहिलात तर तो तुम्हाला टाळून डावीकडूनच जाईल!”

खरंच होतं. भावोजी मला बघतील, आपली मेहुणी काहीतरी थट्टा करतेय समजतील, हॉर्न वाजवतील आणि आपल्या बाजूने निघून जातील. मोरी ओलांडून पुढे गाठायला वेळ नव्हता. त्यांना तिकडून जाऊ द्यायचं नसेल, तर मलाच तिकडे उभं राहायला हवं होतं. त्या कातड्यावर.

मी शूर नाही. हे मी विनयाने म्हणत नाही. मी पालीला बघून खुर्चीवर चढते. मला आठवतंय, एक क्षण मनात आलं, की ब्रेक लागतील, ते थांबतील, मी इथेच उभी राहीन. मग ताईचा फोनवरचा आवाज आठवला आणि मी त्या बाजूला गेले. पायाखालचं डांबर वेगळं लागलं. पोकळ, फळीवर उभं राहिल्यासारखं. मी दोन्ही हात पसरले आणि डोळे मिटले.

हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग ब्रेकचा लांबच लांब आवाज, आणि खडी घसरल्याचा.

डोळे उघडले तेव्हा ट्रकचं तोंड मोरीच्या पलीकडे दहा-बारा पावलांवर होतं. भावोजी दार उघडून खाली उतरले, लालबुंद. “अक्कल गहाण टाकलीत का, मेहुणीबाई? भरलेली गाडी आहे!” असं म्हणत ते माझ्याकडे यायला लागले.

“तिथेच थांबा!” मी इतक्या जोरात किंचाळले, की ते खरंच थांबले. तेवढं एक मी त्यांना आयुष्यात प्रथमच ऐकायला लावलं.

मुकादमाने चांगल्या बाजूने हात पुढे केला. तो धरून मी इंचाइंचाने बाजूला आले. भावोजींना वाटलं, आम्ही दोघं मिळून त्यांची फिरकी घेतोय. मुकादमाने कडेचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि मी उभी होते तिथे टाकला. दगड टेकला नाही. सरळ आत गेला. भोक पडलं, भोवतीचं डांबर पापडासारखं खाली वाकलं, आणि खालून कोरड्या ओढ्यात दगड आपटल्याचा आवाज आला.

भावोजी जिथे होते तिथेच रस्त्यावर बसले.

मी खात्याच्या साहेबांना फोन लावला. ते गोड आवाजात म्हणाले, “मॅडम, सोमवारपासून तो रस्ता तुमचा. आता आम्हाला त्यात हात घालता येत नाही.” अध्यक्षांना लावला. ते म्हणाले, “लगेच बंदबिंद करू नका, लोक बोंब मारतील. संध्याकाळी बैठक घेऊन ठरवू.” संध्याकाळपर्यंत त्या मोरीवरून कोण कोण गेलं असतं, ते त्यांनी विचारलं नाही. मी फोन ठेवला आणि भावोजींना म्हणाले, “खडी इथेच ओता. आडवी. रस्ता बंद.”

“कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर?”

“मी.”

एरवी त्यांनी लेखी मागितलं असतं. त्या दिवशी निमूटपणे ट्रक वळवून खडी ओतली. मग मीच विचारलं, कारण तोवर माझं डोकं थोडं चालायला लागलं होतं. “मुकादम, बाकीच्या पाच मोऱ्या? त्यांच्यावर दगड नव्हते, म्हणजे त्या चांगल्या ना?”

तो टोपी काढून डोकं खाजवत बसला. “त्या खालून कुणी बघितल्याच नाहीत, बाई. माझे गुडघे गेले त्याला सहा वर्षं झाली. हिच्याखाली उतरलो ती शेवटची.”

भावोजींनी मागच्या उताराकडे पाहिलं. चार, पाच आणि सहा नंबरवरून ते भरलेला ट्रक आत्ताच घेऊन आले होते. त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली आणि जन्मात चुकीच्या जागी गाडी न लावलेला तो माणूस ट्रक भर रस्त्यात सोडून, माझा हात धरून, मोरी ओलांडून चालत आला.

गावाच्या बाजूला एक आणि दोन नंबर होत्या. त्यांच्यावरून गावाची बस बारा वाजता वाड्या-वस्त्यांकडे निघते, बाजार करून परतणारी माणसं घेऊन. अकरा वाजून गेले होते.

भावोजींना मी स्कूटर देऊन बस थांबवायला पाठवलं आणि आम्ही दोघं चालत दोन नंबरला आलो. मुकादम कठड्याला टेकला. “भिंतीला हात लावून बघा,” तो म्हणाला. “सध्या ओढा कोरडा आहे, तर भिंतही कोरडी पाहिजे. ओली लागली, तर पाणी मागून मुरतंय.” “तीन नंबरची माती अशीच गेली.”

मी काट्याकुट्यांतून खाली उतरले आणि वाकून मोरीखाली शिरले. आत गारवा होता. डोक्यावर रस्ता, सह्या करून घेतलेला. भिंत चांगली असते ती कशी दिसते, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

“लागला का हात?” वरून मुकादमाचा आवाज आला.

मी उजवा हात लावला. मग डावाही लावला, उगाचच, त्याला तरी कोरडी लागेल म्हणून. दोन्ही तळवे ओले झाले.