मजेत

वडिवळ्यात टूजीच्या काळात रेंज फक्त धरणाच्या भिंतीवर यायची. अजीजुन्निसा तिथं उभी राहून तळेगावला दिलेल्या लेकीशी, शहिस्ताशी बोलायची. रेंजसाठी शहिस्तालाही घराबाहेर यावं लागे. धुक्यात अजीजुन्निसाला वाटे, आपला आवाज पाण्यावरून चालत जातो, म्हणून त्याला पोचायला वेळ लागतो. तेव्हा दोघी मनातलं सगळं बोलत.

थ्रीजी कधी येऊन गेलं, ते गावाला कळलंच नाही. फोरजीनं रेंज ओट्यापर्यंत आणली आणि फाइव्हजीनं थेट चुलीपाशी. एवढी प्रगती झाल्यावर शहिस्ता सासूशेजारी बसून व्हिडिओवर दिसू लागली. "मजेत आहे, अम्मी," ती म्हणे. सासूही हात हलवी. तीन महिने लेक नुसती मजेत होती आणि दर खेपेला थोडी वाळत होती.

शुक्रवारी पुन्हा "मजेत" ऐकल्यावर अजीजुन्निसा ओरडली, "आवाज तुटतोय गं! तोंडबी अडकलंय तुजं!"

"मला तर तू नीट दिसतेस, अम्मी."

"हितं कायबी कळत न्हाई. गच्चीवर जा बरं!"

अजीजुन्निसाशेजारी बसलेला तिचा नवरा हमीद पडद्यात डोकावला. "अगं, चांगली फुल रेंज हाय की!"

"तुमी गप बसा."

फोनमधून जिन्यावरची पावलं ऐकू आली, दार लागलं, मग नुसता वारा.

"अम्मी, अब्बांना पाठवशील?"

अजीजुन्निसानं वर पाहिलं. हमीद चपला शोधत होता.