लाल घोड्याची तबकडी

वैशाखाचे ऊन पेटले होते. जुन्या बाजाराच्या ताडपत्र्यांवर, गंजलेल्या पान्यांवर, काच फुटलेल्या कंदिलांवर, मुकाट झालेल्या घड्याळांवर ऊन कोसळत होते. शुभ्र, निर्दय, निःशब्द ऊन. त्या उन्हातून हेमांगी सबनीस चालत होती. हातात छत्री नव्हती, कापडी पिशवी होती.

एकोणीस वर्षे, दर रविवारी, ती याच वाटेने येत होती. लोक म्हणत, बाईंना भलताच नाद. साठीला टेकलेली बाई, आणि गोळा काय करते, तर गिटारींच्या गदारोळाच्या, ढोलांच्या दणदणाटाच्या, परदेशी रॉकच्या जुन्या रेकॉर्डी! हेमांगी हसून सोडून द्यायची. नाद तिचा नव्हताच. तो जयवंताचा होता.

जयवंत तिचा थोरला भाऊ. लांब केसांचा, लांब बोटांचा, शिकवणीच्या कमाईतून एकतीस तबकड्या जमवणारा. प्रत्येक तबकडीच्या मधल्या गोल कागदावर त्याने हिरव्या शाईत आपले नाव लिहिले होते. वडिलांनी त्याला मुलाखतीला मुंबईला धाडले, आणि तो परतेपर्यंत एकतीसच्या एकतीस रद्दीत विकल्या. रिकामे फडताळ पाहून जयवंत उलट्या पावली वळला. त्याने चपला घातल्या आणि तो गेला. तीन वर्षांनी परक्या गावाहून त्याच्या मृत्यूची तार आली. तो परत आला नाही, त्याचे सामानही नाही.

हेमांगीने तेव्हाही राग गिळला. गिळलेला राग विझत नाही. तो राखेखाली लाल राहतो, वर्षानुवर्षे लाल राहतो. त्या रागाने तिने त्या तबकड्या शोधायला घेतल्या. हिरवे नाव दिसले की घ्यायची. तीस मिळाल्या. उरली होती एक, आवरणावर काळ्या पाण्यावर धावणाऱ्या लाल घोड्याचे चित्र असलेली. जयवंताची सर्वांत लाडकी.

जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या गफूरभाईंच्या ताडपत्रीपाशी ती थांबली. गफूरभाईंनी गोणपाटाखालून वस्तू काढली, आणि उन्हात लाल घोडा उसळला.

"घ्या ताई! दोन वर्षं घोड्याचं विचारत होतात ना? आला घोडा!"

तिने आवरणातून तबकडी ओढली. काळी, नितळ, झळझळीत. मधला कागद पांढराफटक होता.

"यावर नाव होतं?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"होतं की. कोणीतरी हिरव्या पेनानं गिचमिड केली होती. स्पिरिट लावून कापसानं पुसून काढली. तुम्ही नेहमीच्या गिऱ्हाईक, तुम्हाला घाण माल कसा देणार?"

"कोणाचं नाव होतं?"

"ते कोण वाचतं, ताई?"

हेमांगीच्या कानशिलांत ऊन घुसले. "पुसलंत? मला न विचारता पुसलंत? हात कसा धजला तुमचा!" ती ओरडली. शेजारचा पान्यांवाला वळून बघू लागला. गफूरभाई कापसाचा बोळा हातात धरून गोंधळून म्हणाले, "पण ताई, नाव पाहिजे हे तुम्ही कधी बोललाच नाही."

खरे होते. कधी बोलली नव्हती. या बाजाराची रीतच ती: हवी ती वस्तू नकोशी असल्यासारखी उचलायची, जीव कशात आहे ते दाखवायचे नाही. घोड्याचे विचारले तेही सहज विचारल्यासारखे; एकोणीस वर्षे तिने चेहरा कोरा ठेवला होता. आता तबकडीही कोरी झाली होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पैसे टाकून तिने तबकडी पिशवीत घातली.

कॅम्पातले सबनीसांचे घर जुने, वरच्या मजल्याचे, लाकडी फळ्यांच्या जमिनीचे. आतल्या खोलीत अण्णा होते, तिचे वडील, एक्क्याण्णव वर्षांचे, काठी आपटून पाणी मागणारे, काठी आपटून पेज मागणारे. त्या काठीच्या हाकेला ती जन्मभर धावली होती. आज आल्या आल्या तिने पाणी दिले नाही. तिने बाहेरच्या खोलीत तबकडी लावली.

ती जयवंताचीच का, हे ओळखायची एकच खूण उरली होती. लहानपणी तिचा धक्का टेबलाला लागला होता, आणि तिसऱ्या गाण्यात चरा पडला होता. तिथे सुई अडायची. गाणारा एका आर्त हाकेच्या मध्यावर अडायचा, तीच अर्धी हाक पुनःपुन्हा मारायचा. मग जयवंत टाच आपटायचा, फळ्या हादरायच्या, आणि हाक पुरी व्हायची.

पहिले गाणे गेले. दुसरे गेले. तिसरे पेटत, चढत, उसळत आले, आणि अडले. अर्धी हाक, अर्धी हाक, अर्धी हाक. त्याचीच होती! हेमांगीने टाच उचलली.

धप्प!

टाच अजून हवेतच होती. फळ्या हादरल्या होत्या आतून, काठीने. सुई पुढे सरकली, हाक पुरी झाली.

ती आत गेली. अण्णा खाटेच्या कडेला बसले होते, काठी दोन्ही हातांत धरून. "तिथं अडायचीच ती," ते म्हणाले.

एवढे लक्षात होते! चरा लक्षात होता, टाचेची वेळ लक्षात होती. "इतकं कानात होतं तुमच्या," ती म्हणाली, आणि त्रेचाळीस वर्षांचा राग घशातून सुटला, "मग विकल्यात कशा, अण्णा? कशा विकल्यात?"

अण्णांनी काठी आणखी घट्ट धरली.

तिने त्यांच्या हातातून काठी काढून घेतली. बाहेर आली, सुई उचलली आणि चऱ्याच्या अलीकडे ठेवली. "आता ऐका," ती म्हणाली.

गाणे चढले. गाणे अडले. अर्धी हाक, अर्धी हाक, अर्धी हाक. हेमांगी भिंतीला टेकून उभी राहिली, काठी छातीशी धरून. तिने टाच उचलली नाही. उघड्या दारातून तिला दिसले, अण्णांनी सुजलेला पाय खाटेवरून खाली सोडला. थरथरत उचलला. सगळ्या अंगाचे बळ एकवटून फळीवर आपटला.

फळी हादरली नाही. त्यांनी पाय पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. खिडकीतून आलेल्या वैशाखाच्या उन्हात काळी तबकडी फिरत राहिली, कोऱ्या कागदाभोवती फिरत राहिली, आणि सुई जागची हलली नाही.