न सापडलेलं घर

सूर्यकांतनी साबणाची वडी सुरीने कापली, एक तुकडा कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि ते स्कूटरची किल्ली शोधू लागले.

"चालते का?" त्यांनी मुलीला विचारलं. "गढ्याला जाऊन राहिलो. जुनी विहीर आहे तिथे एक."

"कॉलेजला कोण जाईल, बाबा?" प्रतिमा कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. "आणि गढ्याची विहीर मागच्या गुरुवारी झाली ना बघून?"

"नीट नाही झाली," म्हणत ते चपला घालायला वाकले, आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकूनच राहिले. सदऱ्याचं मधलं बटण तुटलेलं होतं. प्रतिमाने सांगितलं, पण ते तसेच निघाले.

सरकारी फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून ते त्र्यंबकराव दाणींच्या मागे होते. मूकपटांच्या काळात हा माणूस हाताने फिरवायचा कॅमेरा घेऊन अमरावतीहून जबलपुरात आला, इथे चित्रपट काढले आणि मग लोक त्याला विसरून गेले. त्याची भाड्याची घरं, तंबू लावायची मैदानं सूर्यकांतनी एकेक करून हुडकली होती. राहिली होती ती फिल्म धुण्याची जागा. जड पाण्याने फिल्मवर डाग पडतात. तेव्हा दाणींनी मऊ पाण्याची विहीर पाहूनच ते घर घेतलं असणार, असा त्यांचा तर्क. म्हणून जुन्या घरांतून पाणी मागायचं आणि साबणाला फेस किती येतो ते पाहायचं.

"संशोधन करता की धोब्याचं दुकान काढता?" प्रतिमा एकदा म्हणाली होती. तेव्हा ते खो खो हसले होते. अलीकडे गढ्याचं नाव निघालं की हसत नसत.

संध्याकाळी ते परतले. हाताला साबणाचा वास होता. ताटावर बसले, पण पोळी अर्धीच खाल्ली.

"सापडलं का घर?"

"नाही ना."

"जेवून आलात वाटतं?"

"भूक नाही."

सदऱ्याला बटण लागलेलं होतं. दोरा निळा होता. घरात निळा दोरा नव्हता, हे प्रतिमाला नक्की माहीत होतं. आई गेल्यापासून सुईदोऱ्याचा डबा तिच्याच कपाटात असे. ताटं उचलून तिने नळ जरा जोरातच सोडला.

सकाळी चहा घेऊन गेली तेव्हा सूर्यकांत खुर्चीत बसल्या बसल्याच गेलेले होते.

ग्वारीघाटावर अस्थी सोडल्या, तेरावा झाला, पाहुणे पांगले. पुण्याहून अनिमेषचा फोन आला. तो दाणींवर पुस्तक लिहीत होता आणि सूर्यकांतना सर म्हणायचा. त्याने हळहळ व्यक्त केली, मग अडखळत विचारलं की ती फिल्म धुण्याची जागा सरांना मिळाली होती का. माहीत नाही, असं ती म्हणाली.

मग एका गुरुवारी बाबांचा मोबाइल वाजला. पडद्यावर नाव होतं: विनता गढा.

"सूर्यकांतजी, येऊन राहिले ना? मागच्या वेळी पण नाही आले. आज कढी केली मी."

प्रतिमाने आपण कोण ते सांगितलं, आणि बाबा गेल्याचंही. पलीकडे एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग प्रतिमाने पत्ता विचारला. सांत्वनाची देवघेव करायला नव्हे.

दार उघडलं ते पिकल्या केसांच्या, वाकलेल्या बाईने.

"अच्छा, तू प्रतिमा. बस ना. काहून उभी राहिली?"

प्रतिमा बसली नाही. फळीवर बाबांचा जुना चष्मा होता. हरवला म्हणून सांगितलेला.

"बाबा इथे का येत होते?"

विनताने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बेटा, मनात आहे ते सरळ विचार. हे गुडघे पाहा माझे. यांच्या भरवशावर मी कोणाला पळवून नेणार?"

मग भिंतीला धरत धरत ती मागच्या खोलीत गेली. खिडकीच्या काचांना काळा रंग फासलेला होता. एका कडेला तो पोचला नव्हता. तेवढ्या कडेची काच उन्हात लाल दिसत होती. प्रतिमाने वाचलेलं होतं: जुन्या फिल्मचं लाल उजेडात काही बिघडत नसे.

"म्हणजे हीच जागा."

"हीच. आधी विहिरीच्या पाण्याला फेस आला, मग त्यांनी ह्या काचेवरचा मळ खरवडून पाहिला. जवळजवळ नाचलेच गं! मी म्हटलं, भैया, आता बोर्ड लागेल, पेपरवाले येतील. घरमालक मला काढायला टपलाच आहे, त्याला आयतं निमित्त. मी कुठे जाऊ? दुसऱ्या दिवशी काळ्या रंगाचा डबा घेऊन आले ते."

"कधी?"

"मागच्या उन्हाळ्यात."

"मग नंतर दर गुरुवारी?"

"मालकाचा भाचा येतो ना गुरुवारी, दम द्यायला. हे दारात खुर्ची टाकून बसायचे, फॅक्टरीचं कार्ड गळ्यात घालून. रिटायर झाले हे त्याला काय माहीत!"

ही बाई रचून सांगत असेल. प्रतिमा काचेजवळ गेली. रंग उभ्या फटकाऱ्यांनी मारलेला होता आणि प्रत्येक फटकारा खाली येऊन डावीकडे वळला होता. महाराजपूरच्या त्यांच्या घराची सगळी दारं बाबांनी तशीच रंगवलेली होती.

ती तिथल्या पेटीवर बसली.

पर्समध्ये फोन वाजला. अनिमेष होता.

"ताई, पुस्तक छापायला जातंय. राग मानू नका, पण एक विचारतो. सर शेवटपर्यंत 'नाही सापडलं' म्हणत होते, पण मला वाटायचं, ते काहीतरी लपवून ठेवताहेत. तुम्हाला कधी नाही वाटलं तसं?"

विनता उंबऱ्यात थांबली होती. तिने दाराची कडी घट्ट धरली.

"नाही," प्रतिमा म्हणाली. पुढचे शब्द तिने कधी उच्चारले नव्हते, बाबांसमोर तर नाहीच.

"माझे बाबा खोटं बोलत नसत."