मंतरलेल्या पाण्याचं वजन

गुरांच्या बाजारात त्या दिवशी सौदे थांबले होते आणि दलाल चक्क गप्प होते. दलाल गप्प बसतात म्हणजे काहीतरी भलतंच चाललंय हे समजून घ्यावं. सगळ्यांच्या माना बाजाराच्या मधोमध असलेल्या मोठ्या वजनकाट्याकडे वळल्या होत्या. काट्यावर एक गोऱ्हा उभा होता, दुरूनही बरगड्या मोजता येतील असा. काटेवाल्या मामांनी वजन पुकारलं, एकशे ऐंशी किलो. मग पुडीबाबा पुढे आला.

बाबाच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा झगा होता. गळ्यात माळ आणि माळेशेजारी स्टेथोस्कोप. अध्यात्म म्हणा, विज्ञान म्हणा, दोन्हीकडून बंदोबस्त चोख. त्याने गोऱ्ह्याच्या जिभेवर मूठभर पुडी चोळली, स्टेथोस्कोप त्याच्या शिंगाला लावला आणि आत शक्ती जागी झाल्याचं गंभीरपणे जाहीर केलं. शिंगात काय ऐकू येतं हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. चेल्यांनी मंतरलेल्या पाण्याच्या दोन बादल्या पुढे केल्या. शरीर शुद्ध हवं म्हणून जनावर आदल्या दिवसापासून उपाशी आणि तहानलेलं ठेवायचं, ही बाबाची अट. त्या बिचाऱ्याने दोन्ही बादल्या घटाघटा संपवल्या. गोऱ्हा पुन्हा काट्यावर चढला आणि मामांनी पुकारलं, दोनशे किलो.

बाजार हादरला. घटकाभरात वीस किलो मांस! बायाबापड्यांनी हात जोडले, शिकल्यासवरलेल्यांनी मोबाईल काढले. शक्ती अंगात मुरेपर्यंत जनावर महिनाभर पुन्हा तोलायचं नाही, तोललं तर चढलेलं मांस उतरेल, असं बाबाने बजावलं. मग पुड्यांवर अशी झुंबड उडाली की गोऱ्ह्याचा मालकच चेंगरायचा राहिला.

गर्दीच्या कडेला उभी राहून एक बाई हे सगळं दात-ओठ खात बघत होती. ती गावातली दातांची डॉक्टर. लोक तिला डॉक्टरीण म्हणायचे. पुडीबाबाने कोणाला किती लुटलं याची चीड तिला होतीच, पण आज ती आली होती ती मामांसाठी. काटेवाले मामा तिचे सख्खे मामा. त्यांना बऱ्याच वर्षांपासून साखरेचा आजार होता. खालच्या दाढा हलत होत्या, हिरड्यांतून पू येत होता. साखर जरा आटोक्यात आली की दाढा काढू, तोवर गोळ्या चुकवू नकोस, असं तिने मामांना हात जोडून सांगितलं होतं. मामांनी गोळ्या फडताळात ठेवल्या आणि बाबाची पुडी हिरडीला चोळायला घेतली. जे गोऱ्ह्याच्या अंगावर मांस चढवतं ते माणसाच्या हिरडीवर चढवणार नाही का, असा बाबाचा बिनतोड सवाल होता. गोळ्या आणि पुडी मात्र एका पोटात नांदत नाहीत म्हणे, सवतीसारख्या भांडतात.

सकाळीच मामी तिच्याकडे रडत आली होती. यांचा गाल सुजलाय, घास गिळताना डोळ्यांत पाणी येतं आणि पाणी तर इतकं पितात की माठ पुरत नाही, असं तिने सांगितलं. ते ऐकताच डॉक्टरीणबाईने दवाखाना बंद केला आणि बाजार गाठला. पू खाली गळ्याकडे उतरला तर श्वास कोंडायला वेळ लागत नाही, हे तिला ठाऊक होतं.

गर्दी पुड्यांकडे वळताच ती काट्याशेजारच्या खोलीत शिरली. मामा तांब्या तोंडाला लावून बसले होते. एक गाल सुजून जबड्याची धार दिसेनाशी झाली होती. तोंड उघड म्हटलं तर उघडेनात. रक्त थांबलंय, दुखणं थांबलंय, आणखी काय पाहिजे, असं ते पुटपुटले. तिने टेबलावरची पुडी उघडून चिमूटभर जिभेवर ठेवली. मीठ, तुरटी आणि लवंग. जीभ आकसली आणि थोड्या वेळाने बधिर झाली.

"लवंगेने दुखणं कळत नाही आणि तुरटीने हिरडी आवळते, म्हणून रक्त दिसत नाही," ती म्हणाली. "आतलं सडणं चालूच आहे, मामा. साखर वाढली की हिरड्या सडतात आणि हिरड्या सडल्या की साखर आणखी वाढते. ही तुझी तहान साखरेची आहे. आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

"तू शिकलेली आहेस, तुला शब्द फुटतात," मामा म्हणाले. "पण वजन मी माझ्या हाताने केलंय. काट्यात खोट असती तर मला कळली नसती?"

इथेच तर सगळी मेख होती. बाबाच्या चमत्काराची शंका आलेल्या प्रत्येकाने काटा तपासला होता. वजनं लावून पाहिली, काट्याखाली वाकून पाहिलं. काटा सोन्यासारखा निघाला, म्हणून मग चमत्कारही खरा. आणि हेच मामा एरवी पाणी पाजून आणलेलं जनावर पोटावर थाप मारून ओळखायचे आणि मालकाला शिव्या घालून हाकलायचे. तिने तेच विचारलं. मामा चिडले. ते चोर होते, चोरून पाजायचे, हा देवमाणूस सगळ्यांसमोर पाजतो, असं ते म्हणाले. शिवाय मंतरलेल्या पाण्याला वजन नसतं, पोटात गेलं की त्याचं मांस होतं, हे बाबाने त्यांना समजावून सांगितलं होतं. गळ्याशी आलं की माणूस आयुष्यभराचं शहाणपण कसं खुंटीला टांगतो बघा.

डॉक्टरीण तडक बाहेर आली.

बाबा पुढच्या गोऱ्ह्याच्या तयारीत होता. तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "महाराज, तुमच्या पाण्याला वजन नसतं हे खरं का?"

"शक्तीला कुठलं वजन, ताई?" बाबा गोड हसला.

"मग बादल्या गोऱ्ह्याबरोबरच काट्यावर ठेवू या. तो तिथेच उभा राहून पिईल. वजनच नाही म्हटल्यावर तुमची हरकत नसेल."

बाबाचं हसू पातळ झालं. पाणी आणि पोलाद एकत्र आलं की शक्ती पळते, असं काहीतरी तो बोलू लागला. पण बाजारातल्या माणसाला देव समजो न समजो, सौदा समजतो. एक दलाल म्हणाला, होऊन जाऊ दे. दुसऱ्याने बादल्या उचलून काट्याशेजारी आणल्यासुद्धा. मामा दाराशी येऊन उभे राहिले होते. ते निमूटपणे आपल्या जागेवर गेले.

आधी हा दुसरा गोऱ्हा नुसता तोलला, एकशे सत्तर भरला. भरलेल्या बादल्या ठेवताच काटा एकशे ब्याण्णववर गेला. वजन नसलेल्या पाण्याचा एवढा भार बघून गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. गोऱ्ह्याला पुडी चाटवली, बाबाला हवं तेवढं पुटपुटू दिलं. गोऱ्ह्याने पहिली बादली संपवली, दुसरी संपवली, तळ चाटला. काटा जागचा हलला नाही. एकशे ब्याण्णवच. मग तिने रिकाम्या बादल्या खाली घेतल्या.

"पुकार, मामा."

मामांनी काट्याकडे पाहिलं, रिकाम्या बादल्यांकडे पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "एकशे नव्वद. बादलीतलं पोटात गेलं. मांस नाही, पाणी आहे. उद्या सकाळपर्यंत मुतून मोकळा होईल."

म्हणून तर महिनाभर तोलायचं नव्हतं. आणि पुडीतलं मीठ कशासाठी, तर जनावराने तळापर्यंत प्यावं यासाठी. एवढीच ती शक्ती, एवढंच ते शास्त्र. बाईची नजर वाईट आहे असं ओरडत बाबा गाडीकडे निघाला, पण दलालांनी त्याचा झगा धरला होता. त्याचं पुढे काय झालं ते बघायला डॉक्टरीण थांबली नाही. मामा खाली बसले होते. "काल संध्याकाळपासून थुंकी गिळतानाही जीव जातो गं," एवढंच ते म्हणाले आणि उघडेल तेवढं तोंड उघडलं. आत बघून तिने कोणालाही न विचारता समोरची रिक्षा थांबवली.

मोठ्या दवाखान्यात पू काढला, इन्सुलिन चालू केलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर गळ्याला भोक पाडावं लागलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मामांचे पाच दात गेले. मामी म्हणाली, पाचाचं काय घेऊन बसलात, माणूस घरी आला.

मामा घरी आले त्याच आठवड्यात पहिल्या गोऱ्ह्याचा मालक डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यात आला. हात जोडून उभा राहिला. बाबा फसवा निघाला खरा, पण तुमच्या हाताला गुण आहे, तेव्हा गोऱ्ह्यासाठी चिमूटभर मीठ तुमच्या हातचंच द्या, म्हणाला. तिला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना.

"माझ्या हातात काहीही नाही," ती म्हणाली. "गोऱ्ह्याला रोज पोटभर चारा द्या, पेंड द्या, जनावरांचे डॉक्टर सांगतील तेवढीच खनिजाची भुकटी द्या. वजन हळूहळू चढतं, ते घाई करत नाही. आधी एकदा सकाळी उपाशीपोटी तोला आणि महिन्याने त्याच वेळी, तसाच उपाशीपोटी पुन्हा तोला. वाढलं तर वाढलं म्हणा, नाही तर नाही म्हणा. आणि उद्या मीच चमत्कार दाखवायला लागले तर मलाही बादल्यांसकट काट्यावर उभं करा."

तो माणूस दारापर्यंत गेला आणि परत वळला. मग हळूच म्हणाला, "बाई, घरी आईनंही साखरेच्या गोळ्या सोडल्यात. पुडीच चोळते. हिरडी दुखत नाही म्हणते."

"मग इथं काय उभे आहात?" डॉक्टरीण म्हणाली. "जा, आत्ता घेऊन या त्यांना."